बिनरंगाची बाटली

गुऱ्हाळं पेटली की मला राग येतो. दिवाळी सरते, तळेगावच्या पुढं भीमा ओलांडून मी राहू गावाच्या बाजूला उतरते आणि पहिल्या वळणावरच तो वास गाठतो. जळत्या चिपाडांचा धूर, उकळत्या रसाचा गोडवा आणि खालून कुठून तरी मळीचा आंबूस दर्प. स्कूटीवर मागं कुणीही बसलेलं असलं तरी हमखास म्हणतं, काय भारी वास आहे. मी हो म्हणते. आत मात्र दातावर दात घट्ट बसलेले असतात. हा राग मी तीन हंगाम जपून ठेवला आहे आणि तो सोडायचा माझा काही विचार नाही.

माझी धाकटी बहीण सारिका खुटबावला दिली आहे. सासरचं स्वतःचं गुऱ्हाळ, रस आटवायच्या दोन काहिली, ऊस दारात. आम्ही कवठे येमाईचे. आजोबांच्या काळात मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते थांबवून कांदा धरला. तरी दहाबारा मेंढ्या गोठ्यात ठेवल्याच, त्याशिवाय त्यांना करमत नसे. खुटबावचं स्थळ आलं तेव्हा आबा म्हणाले होते, "गुळाच्या घरात चालली पोर." ते वाक्य आम्ही लग्नात सगळ्यांना सांगत होतो.

मी शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत काम करते. रक्तगट तपासायचं सीरम तिथं बनतं. कुठल्याही तपासणी शिबिरात तुम्ही त्या तीन बुटक्या बाटल्या पाहिल्या असतील. निळी ए ओळखते, पिवळी बी ओळखते आणि तिसरी, बिनरंगाची, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगते. पांढऱ्या टाइलवर रक्ताचा थेंब, त्यात बाटलीतला थेंब, काडीनं ढवळायचं आणि टाइल हलवायची. कण कण होऊन रक्त फाटलं तर ती खूण आहे, तसंच सपाट राहिलं तर नाही. एवढा सोपा प्रकार. मी तो हजारदा केला असेल. आणि सख्ख्या बहिणीच्या बोटाला मात्र मी कधी सुई लावली नव्हती.

आता लग्नाच्या कागदाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडं मुलीचा बायोडेटा हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. वर गणपती, खाली जन्मवेळ, उंची दोन बोटं वाढवलेली, रंग कुणाचाच सावळ्याच्या पुढं गेलेला नाही, मामांची यादी गावासकट. त्यात मधेच एक ओळ असते, रक्तगट. ती का असते ते कुणी विचारत नाही. असते म्हणून असते. माझं लग्न ठरताना शिरूरच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात माझा कागद टाइप झाला होता. चार वर्षांनी सारिकाची वेळ आली तेव्हा त्याच दुकानात, त्याच खुर्चीशेजारी मी बसले. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचीच फाइल हाय की. नाव बदलू, झालं." नाव बदललं, जन्मतारीख बदलली, शिक्षण बदललं. रक्तगट माझाच राहिला. ओ पॉझिटिव्ह. दुकानात बसलेल्या दोघांत रोज रक्तगट बघणारी मी होते, तो नव्हता.

कागद गेला, सोयरीक जमली, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं आणि सारिकाच्या सासूनं तो लॅमिनेट करून कपाटात ठेवला. सारिकालाही वाटत राहिलं की आपलं रक्त ओ पॉझिटिव्ह. ताईचं तेच आपलं.

पहिल्या खेपेला चौथा महिना सरताना तिचं पोट पडलं. जवळच्याच एका लहान दवाखान्यात नेलं, पिशवी साफ केली. डॉक्टर घाईत होते. रक्तगट विचारला तेव्हा सासूनं सोबत आणलेला तो लग्नाचा कागद काढून पुढं धरला. छापील, लॅमिनेट केलेला, गणपतीसकट. डॉक्टरांनी तो पाहिला आणि केसपेपरवर उतरवून घेतला. माझ्या हातची चूक अशी पानावरून पानावर चालत गेली आणि तिला कुणी अडवलं नाही.

सारिकाचं रक्त ओ निगेटिव्ह आहे. त्यात वाईट काही नाही. तांबड्या पेशींवर डी नावाची एक खूण असते, ती हिच्या पेशींवर नाही. नवऱ्याच्या पेशींवर आहे, म्हणून पोटातल्या बाळाच्या पेशींवरही आली. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की आईच्या अंगाला ते परकं वाटतं आणि ते त्याच्यावर हत्यार तयार करून ठेवतं. पुस्तकात त्याला प्रतिपिंड म्हणतात, आम्ही अँटीबॉडी म्हणतो. वेळेवर एक इंजेक्शन मिळालं तर अंग हे शिकतच नाही. पॉझिटिव्ह लिहिलेल्या बाईला ते इंजेक्शन कोण देणार? सारिकाचं अंग शिकलं. दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात पोटातलं बाळ सुजलं, पुण्याला नेईपर्यंत वेळ गेली. मुलगा होता. तिथल्या तपासणीत पहिल्यांदा खरं काय ते कागदावर आलं.

आबांच्या गोठ्यात मी लहानपणी पाहिलेलं आठवतं. मेंढी आपलं कोकरू वासावर ओळखते. दुसऱ्याचं पोरकं कोकरू लावलं तर सरळ डोक्यानं उडवते. मग आबा तिचंच दूध काढून त्या कोकराच्या पाठीला चोळायचे आणि म्हणायचे, "तिची काय चूक न्हाई. तिला वळख पटवून द्यायला पाहिजे." सारिकाला वेळेवर ती ओळख पटवून देणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांनी असायला हवं होतं त्यांत पहिली मी होते.

तो हंगाम म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा. बाळ जाऊन चार महिने झाले होते. गुऱ्हाळ पेटवायच्या दिवशी मी खुटबावला गेले. काहिलीखालच्या चुलवाणाची पूजा होती. सारिका ताट घेऊन पुढं झाली तशी तिची सासू, सगळे तिला आत्या म्हणतात, हातातलं ताट हळूच काढून घेत म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. शेजारच्या मंदाला करू दे." मंदाच्या कडेवर पोर होतं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट बोललं नाही. सारिका मागं सरून चिपाडांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. पेटवण धरली, धूर वर गेला, आणि आत्या कुणाला तरी सांगत होती ते मला स्पष्ट ऐकू आलं. "रक्तच खराब हाय तिचं. लेकरू धरतच न्हाई. नवनाथचं दुसरं बघायला पाहिजे."

नवनाथ म्हणजे सारिकाचा नवरा. चांगला माणूस आहे, फक्त आईपुढं त्याचा आवाज निघत नाही. तो तेव्हा चुलवाणात चिपाडं सारत होता आणि सारतच राहिला.

त्या दिवशी काहिलीच्या आडोशाला मी सारिकाला कागदाचं सांगितलं. चार महिने ते मी दाबून ठेवलं होतं. फाइल माझी होती, खुर्चीशेजारी मी होते, ओळ मी वाचली नाही. ती ऐकत राहिली. रसावर मळी वर येत होती आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकत होता. मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "ताई, तू चुकलीस. मोठी चूक केलीस. आता रडून मला काय दाखवतीस? काय करता येतं ते सांग." तिचा आवाज इतका कोरडा होता की माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

मग मी तिला सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम वर्षभर अशा बाईच्या शोधात होत्या. बिनरंगाच्या बाटलीत जे असतं ते असंच कुणाच्या तरी अंगात तयार झालेलं असतं. डी ओळखायला शिकलेल्या माणसाच्या रक्तातून ती अँटीबॉडी करणारी पेशी काढायची, जगवायची, वाढवायची. उंदराच्या अंगात हे नीट होत नाही, माणूसच लागतो. आणि सारिकाच्या रक्तात ते भरपूर होतं. सासू जिला खराब म्हणत होती तीच गोष्ट.

सारिकानं विचारलं, "म्हंजी माझ्या बाळाला ज्यानं मारलं, ते काढून बाटलीत घालणार?"

"व्हय."

"आन् त्यानं दुसऱ्या बाईचं रक्त कळंल?"

"वेळेवर कळंल."

तिनं पदराला लागलेली चिपाडं झटकली. मग म्हणाली, "कवा यायचं?"

आत्याला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "आधीच अंगात काय न्हाई. आन् खराब रक्त घेऊन कंपनी काय करती? तपासून गावभर सांगतील." सारिका भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "आत्या, माझी दोन लेकरं गेली तवा गावाला सांगाय कंपनी लागली न्हाई." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथला म्हणाली, गाडी काढा. त्यानं काढली. त्याचं मी तेवढं नाव घेते.

रक्त काढलं आमच्या प्रयोगशाळेतल्या नसीमनं. शिरूरची आहे, तिचे वडील कापडाच्या दुकानात होते, हात इतका हलका की लहान मुलंही रडत नाहीत. संमतीचा फॉर्म मराठीत होता, चार पानांचा. सारिकानं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आमच्याकडं आजवर कुणी तो एवढा वाचलेला मी पाहिला नाही. बाहेर हायवेवर ट्रकची रांग लागली होती, काचा थरथरत होत्या, आणि ती बोट ठेवून वाचत होती. नवनाथनं दारातून विचारलं, "माझी सही कुठं लागंल?"

नसीम म्हणाली, "भाऊ, रक्त कुणाचं हाय?"

"हिचं."

"मग बसा तिथं. चहा येतोय."

सारिकानं सही केली. पुरी सही, माहेरच्या नावासकट. नसीमनं दंडाला पट्टा बांधला. नळीतून रक्त उतरताना सारिका त्याच्याकडं टक लावून बघत होती. तिनं मान फिरवली नाही.

पुढं एका रविवारी गेले तेवढीच, मग हंगाम संपेपर्यंत मी खुटबावला गेले नाही. लोकांना वाटलं, बहिणीच्या सासरी भांडण झालं म्हणून ही येत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर हसले असते. चिपाडांवर बुरशी असते, न दिसणारी. ती केसांतून, कपड्यांतून येते. पहिल्या पंधरवड्यातच आमच्या एका ताटलीत पांढरे तंतू दिसले. मॅडमनी चष्म्यातून बघत मला एकच विचारलं, "रविवारी गुऱ्हाळावर गेली होतीस?" गेले होते. आल्यावर अंघोळही केली होती. ताटली टाकून द्यावी लागली, सारिकाच्या रक्तातल्या जिवंत पेशींचा जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणून मी ठरवलं, हंगाम संपेपर्यंत तिकडं पाऊल टाकायचं नाही. बहीण दुःखात असताना तिला भेटायचं नाही, कारण तिच्या पेशी जगवायच्या आहेत. असला विचित्र नेम माझ्याआधी कुणी धरला असेल असं वाटत नाही.

काम चिकाटीचं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या. त्या बाहेर फार जगत नाहीत, म्हणून त्यांना एक विषाणू द्यायचा, त्यानं त्या तग धरतात. मग कधीच वाढ न थांबणाऱ्या दुसऱ्या एका पेशीशी त्यांची जोडणी करायची. जोडलेल्यांतून पुन्हा एकेक वेगळी काढायची आणि शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत एका खळग्यात एक अशी ठेवायची. कारण एकाच पेशीचा वंश हवा, म्हणजे सगळ्याजणी तंतोतंत एकच गोष्ट ओळखतील. अंगाच्या उबेइतकी ऊब, गुलाबी पाणी, ते पिवळं पडायला लागलं की खायला संपलं म्हणून नवं घालायचं. बऱ्याच मेल्या. बऱ्याच जगल्या पण हळूहळू अँटीबॉडी करायचं सोडून नुसत्याच वाढत बसल्या. ज्यांनी केली त्यांतल्या बहुतेकींची आखूड हातांची निघाली. एका रक्तपेशीला धरते पण दोघींना एकत्र ओढू शकत नाही, मग टाइलवर कण दिसणार कसे? लांब हातांची हवी होती.

दर रविवारी सारिकाचा फोन यायचा. मागं चरकाची घरघर, माणसांची हाकाहाक. "कशा हायत माझ्या पेशी?" ती विचारायची. शेतात कांदा कसा आहे असं आबा विचारतात तसंच. मी सांगायची, आज अमुक गेल्या, अमुक टिकल्या. एकदा खूपच गेल्या होत्या, मी बोलले नाही तरी तिला कळलं. ती म्हणाली, "ज्या ऱ्हायल्यात त्यांचं बघ. मेलेल्यांचं मला नको सांगू, ते मला येतंय."

होळीच्या आसपास ई ओळीतल्या सातव्या खळग्यातलं पाणी मी टाइलवर पॉझिटिव्ह रक्तात मिसळलं. दोन फेऱ्या हलवलं आणि रक्त फाटलं. मोठे मोठे कण, मधे स्वच्छ पाणी. निगेटिव्ह रक्तात मिसळलं, सपाट. पुन्हा केलं. नसीमला बोलावलं, तिनं केलं. मॅडमनी केलं. मग मी स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून हमसून रडले.

पेशी जगल्याचं ऐकून कुणीतरी म्हणालं होतं, बघ, तिचा वंश चालला. मला हे बोलणं आजही सहन होत नाही. लेकरं ती लेकरं, पेशी त्या पेशी. माझ्या बहिणीची दोन लेकरं गेली आणि त्यांच्या जागी ताटलीतलं काही येत नाही. तिनं काही गमावलं नाही असं कुणी गोड बोलून पटवायला आलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवते. मला एवढंच म्हणायचं आहे की ते रक्त खराब नव्हतं. ते बरोबर होतं, फार बरोबर होतं, आणि चुकीचा होता तो कागद.

पुढं तपासण्या झाल्या, परवाने झाले, आणि ई-सातचा वंश आज मोठ्या भांड्यांत वाढतो. बाटलीवर सारिकाचं नाव नाही. असू शकत नाही, नियम आहे. तिनं पुण्याच्या डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं. पोटातल्या बाळाला रक्त देता येतं, धोका आहे, आशा आहे. आणि तिनं ठरवलं की तिसऱ्यांदा नाही. नवनाथ म्हणाला, तू म्हणशील तसं. आत्यानं चार घरी दुसऱ्या बायकोचा विषय काढून पाहिला, तेव्हा नवनाथनं पहिल्यांदाच आईला चारचौघांत नाही म्हटलं. बाकी आत्या होती तशीच राहिली.

आणि आता पुन्हा हंगाम. मागच्या रविवारी मी गेले. आता मोठ्या भांड्यांचं काम दुसरे बघतात, मी फक्त भरलेल्या बाटल्या तपासते, त्यामुळं मला धूर चालतो. पडवीत सगळे बसले होते. सारिकाची नणंद पूजा, तिचं बघायचं चाललं आहे, आणि नवनाथ मोबाइलवर तिचा बायोडेटा भरत होता. गणपती झाला, उंची झाली, मामा झाले.

"रक्तगट?" त्यानं विचारलं.

आत्या म्हणाली, "घाल ओ पॉझिटिव्ह. घरात समद्यांचं तेच हाय."

सारिका आत गुळाची ढेप फोडत होती. ती उठून बाहेर आली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, बाटल्या आणल्यात का?"

तिनंच फोनवर सांगितलं होतं म्हणून आणल्या होत्या, बर्फाच्या डब्यात. मी टाइल मांडली. पूजा घाबरली, हात मागं घेतला. तेव्हा आत्यानं स्वतःचं बोट पुढं केलं. "माझं बघ आधी. पोरीला दुखतंय का ते कळू दे."

मी सुई टोचली. तीन थेंब. निळ्यात सपाट, पिवळ्यात सपाट. बिनरंगाच्या बाटलीतला थेंब सारिकानं स्वतः सोडला, काडीनं ढवळला आणि टाइल हातात धरून हलवत राहिली. रक्त फाटलं, नासलेल्या दुधासारखं.

"हे काय झालं?" आत्यानं विचारलं.

"तुमचं पॉझिटिव्ह हाय," सारिका म्हणाली. "आन् ज्यानं वळखलं ते माझ्या रक्तातलं हाय. तुम्ही खराब म्हणला हुता ते."

बोटाला कापूस धरून आत्या टाइलकडं बघत राहिली. मग पूजानं हात पुढं केला. पिवळ्यात कण आले. बिनरंगाच्यात सारिकानं थेंब सोडला, ढवळला, हलवला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. काही झालं नाही. तिनं आणखी हलवलं. रक्त तसंच राहिलं, सपाट, तांबडं.

"बी निगेटिव्ह," मी म्हणाले. "उद्या दवाखान्यात पुन्हा पक्कं करू. पण हेच निघणार."

आत्यानं कापूस खाली टाकला. "लिहू नगा ते. कोण करंल पोरीला?"

"जो वाचंल तो करंल," सारिका म्हणाली. तिनं नवनाथच्या हातातून मोबाइल घेतला.

आत्यानं खाली टाकलेला कापूस उचलला. मग कुणाकडं न बघता म्हणाली, "तवा दवाखान्यात त्यो कागद मीच काढून दिला हुता."

मला वाटलं सारिका आता सगळं बोलून घेईल. तिचा हक्क होता. तिनं एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"व्हय. तुम्ही दिला, ताईनं टाइप करून घेतला, डॉक्टरनं उतरवला, आन् मी वाचला न्हाई," ती म्हणाली. "चौघांत मिळून दुसरं लेकरू गेलं. पूजाचं मी जाऊ द्यायची न्हाई, आत्या."

मग तिनं अंगठ्यानं टाइप केलं आणि ती ओळ वर ओढली. उंचीच्या वर, रंगाच्या वर, जन्मवेळेच्याही वर. गणपतीच्या बरोबर खाली. मोबाइल आत्याच्या पुढं धरला आणि म्हणाली, "वाचा."

आत्यानं चष्मा शोधला, लावला आणि मोठ्यानं वाचलं. "रक्तगट, बी निगेटिव्ह."